लॉरेलच्या पानांना भोकं, पानं पिवळी: झुडूप उपटण्याआधी काय बघायचं

इंग्लंडमध्ये मिल्टन कीन्सला आमच्या मागच्या अंगणात, शेजाऱ्यांच्या बाजूच्या लाकडी कुंपणाला लागून, चेरी लॉरेल या सदाहरित झाडाची २२ झुडपं हिरवं कुंपण म्हणून लावलेली आहेत. लावली त्याच्या दुसऱ्याच वर्षी पानांना भोकं पडली. मी घाबरून टोकाची सहा उपटली आणि त्याच खड्ड्यांत नवी आणून लावली. पुढच्या जूनमध्ये नव्यांनाही भोकं! तेव्हापासून हेच दुखणं आमच्याकडे आणि मंडळातल्या ओळखीच्यांच्या बागांमध्ये इतक्यांदा निस्तरलंय की हल्ली कुणाचा फोटो आला की मी आधी एकच विचारते, "पाऊस थांबल्यावर तिथे पाणी किती वेळ साचून राहतं?"

काय दिसतं

पानांवर आधी तपकिरी ठिपके, भोवती पिवळसर कडं. काही दिवसांनी ठिपका गळून पडतो आणि छऱ्याची बंदूक झाडल्यासारखी गोल भोकं उरतात. इंग्रजीत म्हणूनच याला 'शॉट होल' म्हणतात.

कोवळी पानं फाटकी, मुडपलेली, आणि उलटून पाहिलं तर खाली पांढुरकी पावडर.

पानांच्या कडा कुणी तिकीट चेकरच्या पंचने कुरतडल्यासारख्या, पण मधला भाग शाबूत.

पान पिवळं, शिरा मात्र हिरव्या. किंवा पूर्ण पिवळं होऊन गळतंय, आणि गळतंय ते आतल्या बाजूचं, जुनं.

एखादंच झुडूप अख्खं मलूल, फांद्या शेंड्याकडून वाळत चाललेल्या, शेजारची दोन्ही मात्र टवटवीत. हे शेवटचं लक्षण दिसलं तर मधलं सगळं सोडून थेट मुळांच्या भागाकडे जा. बाकी सगळ्यांनी क्रमाने यावं, कारण सुरुवातीच्या तपासण्यांना एक पेनीही लागत नाही आणि निम्म्या तक्रारी तिथेच मिटतात.

आधी झाड ओळखा

हसू नका. 'लॉरेल' या नावाखाली इथे तीन वेगळी झाडं विकली जातात. चेरी लॉरेलचं पान मोठं, जाड, चकचकीत आणि फिकट हिरवं, कोवळा देठ हिरवा. पोर्तुगीज लॉरेलचं पान लहान आणि गडद, देठ लालसर. तिसरं बे लॉरेल, ज्याची वाळलेली पानं सुपरमार्केटात मसाल्याच्या फळीवर मिळतात. पोर्तुगीज लॉरेलवर भोकं फार कमी पडतात, आणि खडूच्या, म्हणजे चुनखडीच्या जमिनीत ते चेरी लॉरेलपेक्षा बरं तगतं.

ओळखायची खूण म्हणजे पान चुरडून वास घ्यायचा. चेरी लॉरेलला कडू बदामाचा वास येतो, आणि तो वास सायनाइडच्या कुळातला आहे. माझ्या सासूबाई पहिल्यांदा इकडे आल्या तेव्हा मसालेभातासाठी "अगं, तुमच्याकडे तमालपत्राचं कुंपणच आहे की" म्हणून पाच-सहा पानं तोडून ओट्यावर ठेवली होती. नशिबाने मी स्वयंपाकघरात होते. पानं आणि बियांमध्ये विष असतं, तेव्हा पाहुणे, लहान मुलं आणि कुत्री यांच्या बाबतीत हे आधीच सांगून ठेवा. कुणी चावून खाल्लंच तर लगेच १११ ला, म्हणजे इथल्या आरोग्य सल्ल्याच्या नंबरला फोन. श्वास लागत असेल, चक्कर येत असेल तर ९९९, म्हणजे अँब्युलन्स.

नवं पान बघायचं की जुनं?

सदाहरित म्हणजे पान कधी गळत नाही असं नाही. लॉरेल मे-जूनमध्ये नवी पालवी फुटताना जुनी, आतली पानं पिवळी करून टाकून देतं. शेंडे तजेलदार आणि पिवळी पानं फक्त आत असतील तर काहीही करायचं नाही. दर वर्षी जूनमध्ये मला याचेच सर्वांत जास्त फोटो येतात.

शेंड्याकडची नवी पानं पिवळी असतील तर मात्र गोष्ट वेगळी. शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा म्हणजे लोह पोचत नाहीये. चिल्टर्न टेकड्यांच्या बाजूला, हाय विकमकडे, खडूच्या उथळ जमिनीत हे हमखास होतं. बागेच्या दुकानात मातीचा पीएच (आम्ल की अल्कली) बघायचं किट मिळतं. माती खडूची निघाली तर 'सिक्वेस्टर्ड आयर्न' नावाचं औषध पाण्यातून देता येतं. त्याने पानं हिरवी होतात, पण जमीन बदलत नाही, त्यामुळे दर वर्षी द्यावं लागतं. तिथे राहणाऱ्या एका मैत्रिणीने तीन वर्षं ते विकत घेतलं आणि चौथ्या वर्षी सरळ पोर्तुगीज लॉरेल लावलं. मला तिचंच पटलं.

पान उलटं करा, मग उन्हाकडे धरा

खाली पांढरी पावडर असेल तर ती भुरी. द्राक्षवाल्यांना वेगळं सांगायला नको. लॉरेलवर मात्र ती फसवते, कारण पांढरेपणा अनेकदा दिसतच नाही. कोवळं पान भुरीने जागोजागी मरतं आणि वाढताना तिथून फाटतं, मग लोकांना वाटतं की अळीने खाल्लं.

ठिपक्याभोवती पिवळं कडं आणि भोक गोल असेल तर ते जिवाणूंचं किंवा दुसऱ्या बुरशीचं काम. ते भोक झाडाने स्वतः पाडलेलं असतं. लागण झालेल्या भागाभोवती झाड पेशींची भिंत घालतं आणि मेलेला तुकडा गाळून टाकतं, म्हणजे भोक हा रोग नसून झाडाने केलेला इलाज आहे. हे कळल्यावर माझी निम्मी चिंता गेली. भोक पडलेलं पान पुन्हा भरत नाही, पण झाड त्याने मरतही नाही. एखाद्या ओल्या वसंतात भोकं पडली आणि पुढची पालवी स्वच्छ आली तर प्रकरण संपलं.

कडा कुरतडलेल्या असतील तर रात्री दहानंतर टॉर्च घेऊन जा. काळपट, मंद चालीचा, सोंडेसारख्या तोंडाचा भुंगा दिसेल, त्याला वाइन वीव्हिल म्हणतात. जमिनीतल्या मोठ्या झुडपाचं तो फार बिघडवत नाही. कुंडीतल्या झुडपाचं बिघडवतो, कारण त्याच्या अळ्या मुळं खातात. कुंडी असेल तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये, माती अजून उबदार असताना, पाण्यातून सोडायचे सूत्रकृमी (नेमॅटोड, या अळ्यांना मारणारे सूक्ष्म कृमी) विकत आणा. जमिनीत असेल तर हाताने वेचा, नाहीतर दुर्लक्ष करा.

फवारणी?

निफाडच्या माझ्या चुलतभावाला व्हिडिओ कॉलवर पान दाखवलं तर त्याचा पहिला प्रश्न, "किती फवारण्या झाल्या?" त्याच्याकडे तो प्रश्न बरोबर आहे. इथे घरच्या बागेसाठी जिवाणूंच्या भोकांवर चालेल असं औषध दुकानात मिळतच नाही. भुरीवर मिळतं, पण सहा फूट उंच कुंपणाच्या प्रत्येक पानाच्या खालच्या बाजूला ते पोचवणार कसं? मी दोनदा मारलं. पैसे गेले, भुरी राहिली. मूळ कारण मातीत आणि छाटणीत असतं, म्हणून पुढचे दोन भाग नीट वाचा.

पाणी, निचरा आणि वाफसा

हा सगळ्यात महत्त्वाचा भाग, आणि अजूनही फुकट.

चेरी लॉरेल मूळचं काळ्या समुद्राच्या भोवतालचं आणि कॉकेशसकडचं. तिथून, कॉन्स्टँटिनोपलच्या वाटेने, ते १५७६ मध्ये क्लुसियस या वनस्पतिशास्त्रज्ञाकडे व्हिएन्नाला पोचलं आणि मग सगळ्या पश्चिम युरोपात पसरलं. तुर्कस्तानच्या त्या किनाऱ्यावर, रिझेच्या बाजूला, वर्षाला २००० मिलिमीटरहून जास्त पाऊस पडतो, जवळजवळ आपल्या कोकणासारखा. पण तिथे डोंगरउतार आहे. पाणी येतं आणि वाहून जातं. म्हणजे या झाडाला पाणी खूप आवडतं, साचलेलं मात्र अजिबात नाही. आपले शेतकरी ज्याला वाफसा म्हणतात, ओलही आहे आणि मुळांना हवाही, तो त्याला हवा.

मिल्टन कीन्सची चिकणमाती, त्यात नव्या घरांच्या वसाहतीत बिल्डरने वर पसरलेली वीतभर माती आणि खाली विटा, सिमेंट, रोलरने दाबलेला थर. मी ती सहा झुडपं उपटली तेव्हा मुळांचा गोळा काळा, निबर आणि आंबूस वासाचा निघाला होता. वास आला, तरी मी लक्ष दिलं नाही आणि त्याच खड्ड्यांत नवी लावली! मुळं गुदमरली की झुडूप अशक्त होतं, आणि अशक्त झुडपावर जिवाणू, भुरी, सगळेच हात धुवून घेतात.

तपासणी अशी. झुडपापासून दोन-अडीच फुटांवर फूटभर खोल खड्डा काढा. पाण्याने भरा, जिरू द्या, पुन्हा भरा. दुसऱ्या दिवशी सकाळीही त्यात पाणी दिसलं तर निचरा नाही. कुदळ फूटभर जायच्या आत खण् वाजली तर बिल्डरने काय पुरलंय तेही कळेल.

मग दोन उपाय. झुडपं लहान असतील, लावून दोन-तीनच वर्षं झाली असतील, तर ऑक्टोबर ते मार्चच्या दरम्यान, जमीन गोठलेली नसताना, मुळांसकट काढून वरंब्यावर पुन्हा लावा. उसाला घालतो तसा वीतभर उंच वरंबा, खालचा कडक थर टिकावाने फोडून. आमच्या त्या सहा झुडपांचं हेच केलं, आणि पुढच्या वर्षी ती बाकीच्या सोळांच्या पुढे गेली. झुडपं मोठी असतील तर हलवू नका. कुंपणाच्या बाजूने गार्डन फोर्क खोल रोवून जमीन भोसकत जा, त्या भोकांत जाड वाळू आणि कंपोस्ट ढकला. हे एका दिवसात दिसत नाही, दोन हिवाळे लागतात.

बुंध्याशीही वाका. मुळं जिथून पसरतात तो भाग जमिनीच्या पातळीवर दिसायला हवा. तो मातीत किंवा लाकडाच्या भुश्याच्या आच्छादनात गाडला गेला असेल तर हाताने मोकळा करा. आच्छादन चांगलंच, दोन-तीन इंच घालावं, पण खोडापासून वीतभर लांब. खोडाला चिकटलं की साल कायम ओली राहते आणि कुजते.

उलटी बाजूही आहे. भुरी येते ती मुळं कोरडी आणि हवा दमट असताना. १९ जुलै २०२२ ला लिंकनशरमधल्या कॉनिंग्जबीला ४०.३ अंश तापमान नोंदवलं गेलं, तो उन्हाळा आठवतो ना? त्या ऑगस्टमध्ये आमच्या लॉरेलची पानं डोसा उलटताना कडा वळतात तशी वळली होती. नव्या झुडपांना पहिले दोन उन्हाळे आठवड्यातून एक-दोनदा, प्रत्येकी साधारण बादलीभर पाणी द्या, तेही बुंध्याशी. स्प्रिंकलर नको. पानावरून उडणाऱ्या थेंबांसोबत जिवाणू एका पानावरून दुसऱ्यावर जातात, हेच पावसातही होतं. डाळिंबावर तेल्या हा जिवाणूंचा रोग बघितलेल्यांना हा खेळ माहीत आहे.

खत

थोडक्यात सांगते, कारण इथे चूक सहसा जास्त देण्याची होते. मार्चमध्ये एकदा ग्रोमोरसारखं ७-७-७ खत मूठभर, पुरे. नत्र जास्त झालं की पालवी लुसलुशीत येते आणि भुरीला आमंत्रण जातं. लोक 'फिश, ब्लड अँड बोन' सुचवतात, उत्तम खत आहे. आमच्या शाकाहारी घरात त्या डब्यावरचं नाव वाचून सासूबाईंनी तो गराजच्या बाहेर ठेवायला लावला. नुसतं कंपोस्टही चालतं.

छाटणी कधी आणि कशाने

विजेच्या ट्रिमरने लॉरेलचं मोठं पान मधोमध फाटतं, फाटलेली कड तपकिरी होते आणि लोक तोच रोग समजतात. छाटणीची कात्री, म्हणजे सिकेटर, घेऊन एकेक फांदी पेराच्या वर कापली तर कुंपण सुंदर दिसतं. २२ झुडपांना माझ्या दोन दुपारी जातात. साठ फुटांचं कुंपण असेल तर मी तुम्हाला ट्रिमर वापरू नका असं सांगणार नाही; फक्त घरातून दिसणारी बाजू नंतर कात्रीने नीट करा.

वेळ महत्त्वाची. मी ऑगस्टच्या शेवटी छाटते. त्याआधी पक्ष्यांची घरटी असतात, आणि वापरातलं घरटं जाणूनबुजून मोडणं इथे १९८१ च्या कायद्याने गुन्हा आहे. ऑगस्टमध्येही आधी फांद्या बाजूला करून आत बघतेच, ब्लॅकबर्ड कधीकधी उशिरापर्यंत बसतो. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये छाटलं तर दोन तोटे. नवी कोंब थंडीत करपतात, आणि चेरीच्या कुळातल्या झाडांना होणाऱ्या 'सिल्व्हर लीफ' नावाच्या बुरशीचे बीजाणू ओल्या हवेत ताज्या जखमांतून आत शिरतात. भोकं पडलेल्या फांद्या कापत असाल तर एका झुडपावरून दुसऱ्यावर जाताना पातं स्पिरिटने पुसा, आणि कोरड्या दिवशीच कापा.

आता एक गंभीर गोष्ट. कापलेला लॉरेल गाडीत पिशव्या भरून रीसायकलिंग सेंटरला नेत असाल तर खिडक्या उघड्या ठेवा, आणि श्रेडरमधून काढायचा असेल तर मोकळ्या हवेतच. चुरडलेल्या पानांतून हायड्रोजन सायनाइड निघतो. जुन्या काळी कीटक गोळा करणारे लोक बरणीत लॉरेलची ठेचलेली पानं घालून त्यात फुलपाखरं मारत असत. वॉरिकशरमध्ये १७८१ साली जॉन डॉनेलन याला मेहुण्याला लॉरेलचं पाणी पाजून मारल्याच्या आरोपावरून फाशी झाली होती. मी गराजमध्ये दार लावून एकदा पिशव्या भरल्या होत्या, अर्ध्या तासात डोकं गरगरायला लागलं. तेव्हापासून हे काम अंगणातच.

जोरकस छाटणी

दोन वर्षं निचरा, पाणी, छाटणी सगळं सुधारूनही कुंपण विरळच असेल तर हा मार्ग आहे. लॉरेल जुन्या लाकडातूनही फुटतं, हा त्याचा मोठा गुण. फेब्रुवारीच्या शेवटी किंवा मार्चच्या सुरुवातीला, घरटी सुरू व्हायच्या आत, एका बाजूच्या फांद्या मुख्य खोडाजवळ आणा. दुसरी बाजू पुढच्या वर्षी. दोन्ही एकदम करू नका, झाडाला अन्न बनवायला पानंच उरत नाहीत. कापल्यावर पहिले दोन महिने कुंपण इतकं भेसूर दिसतं की शेजारी विचारतात. आमच्या शेजाऱ्यांना मी आधीच सांगून ठेवलं होतं, तरीही विचारलंच. ज्या झुडपाची मुळं कुजलीत त्याला हे करू नका, ते पुन्हा फुटणार नाही.

मुळं आणि बुंधा

एकच झुडूप मरत चाललंय, किंवा दोन वर्षांत ओळीने एकापाठोपाठ एक जातायत, तर बुंध्याशी जमिनीलगत सालीचा छोटा तुकडा सुरीने उचला.

आत हिरवट-पांढरं, ओलसर असेल तर जीव आहे.

आत लालसर-तपकिरी किंवा काळपट, पाणथळ असेल आणि पांढरा पापुद्रा नसेल तर ती मूळकूज, बहुधा फायटॉफ्थोरा या बुरशीसारख्या जंतूमुळे. पाणी साचण्याचंच हे टोक. ते झुडूप मुळांसकट काढा आणि त्या जागी लगेच लॉरेल लावू नका.

सालीखाली पांढरा, कागदासारखा पापुद्रा असेल आणि ताज्या मश्रूमसारखा वास येत असेल तर ती हनी फंगस नावाची बुरशी. ही जमिनीतून बुटाच्या काळ्या नाडीसारख्या दोऱ्यांनी शेजारच्या झुडपांकडे सरकते. तिला औषध नाही.

इथे थांबा, माणूस बोलवा

हनी फंगसचा पांढरा पापुद्रा दिसला की स्वतः खणणं थांबवा. मुळं खोलवर काढावी लागतात, आणि शेजारचं मोठं झाड लागण झालेलं असेल तर ते पडूही शकतं.

शिडीच्या वरच्या पायरीवर उभं राहूनच पोचता येत असेल, जवळून विजेची तार जात असेल, किंवा बुंध्याची जाडी मांडीएवढी झाली असेल, तर चेनसॉ भाड्याने आणू नका.

कुंपण कुणाचं हेच नक्की नसेल तर आधी घराची कागदपत्रं आणि मग शेजाऱ्यांशी बोलणं. इंग्लंडमध्ये दोन किंवा जास्त सदाहरित झाडांची ओळ २ मीटरपेक्षा उंच होऊन प्रकाश अडवत असेल तर शेजारी कौन्सिलकडे तक्रार करू शकतात. तुमच्या भागात झाडांना कौन्सिलचं संरक्षण आहे का, हेही एका फोनवर कळतं.

बोलवायचा तो माळी नव्हे, प्रशिक्षित ट्री सर्जन. विम्याचा कागद मागा, दोघांकडून तरी लेखी दर घ्या. आणि दर घेतानाच विचारा की फक्त खोड कापणार की बुंधा मुळांसकट काढणार, आणि कापलेला माल तेच घेऊन जाणार का. ओळखीच्या एकांनी हे न विचारता स्वस्त दर घेतला. खोडं जमिनीलगत कापली गेली, बुंधे जमिनीतच राहिले, आणि दुसऱ्या वर्षीच्या शरदात त्याच रांगेत मधाच्या रंगाची मश्रूमं उगवली.